आंघोळीपुरता हार्वर्डला

१९३७ साली बोस्टनच्या नॉर्थ एंड भागात, खानावळ चालवणाऱ्या एका इटालियन कुटुंबात एक तरुण भाड्यानं राहायला आला. खोलीत ऊब नव्हती. इकडून तिकडे हलवता येणारी तेलाची शेगडी तेवढी होती. घरात संडास होता, पण न्हाणीघर नव्हतं. अंग धुवायचं तर स्वयंपाकघरात पाण्याचं मोठं भांडं घेऊन बसायचं, नाहीतर दुसरीकडे सोय बघायची. या तरुणानं दुसरीकडे बघितलं. नदी ओलांडून तो हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यायामशाळेत जायचा, जमलं तर स्क्वॉशचा एखादा डाव खेळायचा, गरम पाण्यानं आंघोळ करायचा आणि पुन्हा आपल्या वस्तीत यायचा.

तो त्या वेळी हार्वर्डच्याच एका फेलोशिपवर होता. राहण्याजेवण्याची चिंता नको आणि जाणत्यांची संगत मिळावी म्हणून उभारलेली, निवासी म्हणावी अशी ती फेलोशिप. आणि हा गडी तिच्या छपराचा उपयोग करत होता तो मुख्यतः आंघोळीपुरता.

विल्यम फूट व्हाइट हे त्याचं नाव. वय बावीस-तेवीस. त्या चार वर्षांतून जे पुस्तक निघालं, ‘स्ट्रीट कॉर्नर सोसायटी’, ते १९४३ साली शिकागो विद्यापीठानं छापलं. शहरातल्या गरीब वस्त्यांबद्दल बोलणाऱ्या कुणालाही ते आजही टाळता येत नाही. हे प्रकरण मी निवडलं त्याचं कारण सरळ आहे. मानव्यविद्या आणि धोरण अभ्यासणारी, नुकती पीएचडी झालेली मुलंमुली देशोदेशीच्या निवासी फेलोशिपांचे अर्ज भरतात, तेव्हा त्यांचे मसुदे कधीमधी माझ्याकडे वाचायला येतात. त्यात पुढच्या २४ महिन्यांचा कोष्टकबद्ध आराखडा असतो. कुठल्या महिन्यात कोणतं प्रकरण लिहून होणार, कोणत्या तिमाहीत कुठला निबंध जाणार. मला प्रत्येक वेळी व्हाइट आठवतो. त्याच्याकडे असा आराखडा होता, आणि पहिल्याच बैठकीत त्याला घरघर लागली.

पैसे कुणाचे, अट कुणाची

अॅबट लॉरेन्स लॉवेल १९०९ ते १९३३ हार्वर्डचे अध्यक्ष होते. पीएचडी या पदवीवर त्यांचा राग होता. जर्मन विद्यापीठांकडून अमेरिकेनं उचललेली ही पद्धत हुशार मुलांना वयाच्या ऐन उमेदीत बारीकसारीक परीक्षांच्या घाण्याला जुंपते, असं त्यांचं मत. त्यांच्या डोळ्यांपुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या फेलोशिपा आणि पॅरिसची एक जुनी संस्था होती. निवडक तरुणांना तीन वर्षं द्यायची, पगार द्यायचा, विद्यापीठाची सगळी दारं उघडी ठेवायची आणि त्यांच्याकडून परीक्षा, वर्ग, पदवी यातलं काहीच मागायचं नाही. या कल्पनेला कुणी देणगीदार मिळेना. शेवटी लॉवेल यांनी स्वतःच पैसे घातले, सुमारे दहा लाख डॉलर. जवळचं होतं नव्हतं ते जवळजवळ सगळं त्यात गेलं. सुरुवातीला देणगीदाराचं नाव गुप्त ठेवलं होतं. १९३३ साली सोसायटी ऑफ फेलोज सुरू झाली. पहिल्या तुकडीत मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर, तत्त्वज्ञ क्वाइन आणि गणिती गॅरेट बर्कहॉफ होते.

संस्थेचा कणा म्हणजे सोमवारचं रात्रीचं जेवण. एलियट हाउसमधल्या आपल्या दालनात तरुण फेलो आणि वडीलधारे सीनियर फेलो एकत्र जेवायचे. गणिती, इतिहासकार, रसायनशास्त्रज्ञ, संस्कृतीचे अभ्यासक एकाच मेजावर. तिथे हजेरी लावायचीच, ही जवळजवळ एकमेव सक्ती. दुसरी अट उलट्या बाजूची होती. फेलोशिपच्या काळात केलेलं काम पीएचडीच्या खात्यावर जमा करता यायचं नाही. वर्गात जाऊन बसायचं तर खुशाल बसावं, पण गुणपत्रिकेवर त्याची नोंद होणार नाही.

(इथे एक आठवण निघतेच. दामोदर कोसंबी हार्वर्डमधून १९२९ साली पदवी घेऊन परतले आणि पुढे पीएचडीच्या वाटेला कधीच गेले नाहीत. त्यांच्यासारख्यांसाठीच जणू काढलेली ही सोसायटी त्यांच्यामागून चार वर्षांनी उघडली. पहिल्या तुकडीतला बर्कहॉफ हा हार्वर्डमधले त्यांचे गणिताचे प्राध्यापक जॉर्ज बर्कहॉफ यांचा मुलगा.)

आज ‘पोस्टडॉक’, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची तात्पुरती नेमणूक, म्हणून जे ओळखलं जातं, त्याच्या मानव्यविद्यांतल्या घराण्याचा एक मूळपुरुष म्हणजे ही संस्था. गंमत अशी, की तो मूळपुरुष पीएचडीच्या विरोधात जन्मला. आता तिथेही येणारे बहुतेक सगळे पीएचडी झालेलेच असतात. व्हाइटच्या वेळी तसं नव्हतं.

दहा माणसांचा आराखडा

व्हाइट १९३६ साली स्वार्थमोर कॉलेजातून अर्थशास्त्र घेऊन बाहेर पडला. शाळेपासून लिहायचा नाद. कॉलेजात असतानाच न्यूयॉर्क शहराच्या आर्थिक व्यवहारांवर त्यानं एक निबंध लिहिला होता, तो पुस्तिकेच्या रूपात छापलाही गेला होता. म्हणजे आजच्या भाषेत ‘धोरण-अभ्यासक’. पण त्याला टोचत होतं वेगळंच. आपण मध्यमवर्गीय प्राध्यापकाचं पोर. कारखाना पाहिला नाही, गरिबी पाहिली नाही. लिहायचं तर कशावर लिहायचं? म्हणून ‘एखाद्या गरीब वस्तीचा अभ्यास’ एवढी धूसर कल्पना घेऊन तो हार्वर्डला आला. वस्ती निवडली तीसुद्धा बघून. नॉर्थ एंडमधल्या दाटीवाटीच्या तीन ते पाच मजली इमारती त्याच्या मनातल्या गरीब वस्तीच्या चित्राशी जुळल्या, बस्स. हे कारण शास्त्रीय नव्हतं, हे त्यानंच पुढे कबूल केलं आहे.

मग त्यानं मोठा आराखडा लिहिला. वस्तीचा इतिहास, अर्थकारण, राजकारण, शिक्षण, आरोग्य, धर्म. प्रत्येकाला एक अभ्यासक, एकूण दहा माणसांचं पथक आणि त्यांचा मुकादम अर्थात आपण. हा आराखडा घेऊन तो एल. जे. हेंडरसन यांच्याकडे गेला.

हेंडरसन म्हणजे सोसायटीचे पहिले अध्यक्ष. रक्ताच्या रसायनशास्त्रातले मोठे नाव, ज्यांचं समीकरण आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना पाठ करावं लागतं. लालसर दाढी, खणखणीत आवाज, समोरच्याचं म्हणणं ठेचून काढण्याची हौस. त्यांनी पोराला तासायला घेतलं. एवढं पथक चालवण्याइतका अनुभव तुझ्याकडे आहे का? पैसे कोण देणार? आणि ही दहा माणसं काय करतील हे लिहिण्याऐवजी उद्या सकाळी तू एकटा तिथे जाऊन काय करणार आहेस, ते का लिहीत नाहीस? व्हाइट हिरमुसून परतला. आराखड्याची पानं हळूहळू गळत गेली आणि शेवटी उरला तो एकटा.

फेलोशिपच्या यंत्रणेनं या प्रकरणात केलेलं सगळ्यात मोठं काम मला हेच वाटतं. पैसे दिले हे खरं, पण निवड झाल्यानंतर आराखडा फाडायची मुभा दिली हे त्याहून मोठं. आज निवड आराखड्यावरच होते. मग तो फाडायचा कुणी आणि कुठल्या तोंडानं?

जिन्यावरून खाली

पहिले काही महिने फुकट गेले. व्हाइट राहायचा हार्वर्डमध्ये आणि ‘अभ्यासाला’ नॉर्थ एंडला जायचा. आधी त्यानं घरांची पाहणी करून पाहिली. दारं ठोठावायची, भाडं किती, खोल्या किती, माणसं किती हे विचारायचं. त्यालाच ते इतकं अवघड झालं की थोड्याच दिवसांत त्यानं ते सोडलं. मग एका तरुण अर्थशास्त्राच्या मास्तरानं सल्ला दिला, की अशा भागात दारूच्या गुत्त्यावर जावं, एखादीला पेय पाजावं, ती आपली कहाणी सांगते. व्हाइट वस्तीच्या कडेला असलेल्या एका हॉटेलात गेला. एका मेजावर एक पुरुष आणि दोन बायका बसल्या होत्या. एकाला दोन, म्हणजे हिशेब बरोबर नाही, असा विचार करून यानं नम्रपणे विचारलं, मी बसलो तर चालेल का? क्षणभर शांतता. मग त्या पुरुषानं याला जिन्यावरून खाली फेकून देण्याची तयारी दाखवली. व्हाइटनं ती तसदी दिली नाही, स्वतःच उतरला.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय. फेलोशिपचे पहिले सहा महिने असे जातात, आणि प्रगती-अहवालात ते ‘प्राथमिक क्षेत्रभेटी’ या दोन शब्दांत गुंडाळले जातात.

दार उघडलं ते ४ फेब्रुवारी १९३७च्या संध्याकाळी. वस्तीतल्या एका समाजकेंद्राच्या कार्यकर्तीनं त्याची गाठ ‘डॉक’शी घालून दिली. डॉक हे पुस्तकातलं नाव, व्हाइटनं सगळ्यांचीच नावं बदलली आहेत. तिशीच्या आतबाहेरचा, मंदीत नोकरी गेलेला, पण नाक्यावर ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस. आपल्याकडे प्रत्येक कट्ट्यावर असा एक असतो. त्यानं व्हाइटचं लांबलचक प्रास्ताविक ऐकून घेतलं आणि विचारलं, वरचं जग बघायचंय की खालचं? मग म्हणाला, मी नेतो तुला, माझा दोस्त म्हणून येशील, कुणी हात लावणार नाही.

आणखी एक धडा डॉकनंच दिला. एकदा जुगाराच्या धंद्यातल्या एका माणसाला व्हाइटनं सगळ्यांदेखत विचारलं, की पोलिसांना तुम्ही हप्ते देत असाल ना? बैठक गार पडली. दुसऱ्या दिवशी डॉकनं समजावलं, की कोण, काय, का, कधी, कुठे हे जरा आवर. नुसता बसत जा. लोकांनी एकदा आपलं म्हटलं की न विचारता उत्तरं मिळतात. समाजशास्त्राच्या वर्गांत हा सल्ला पुढे पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. देणाऱ्याला त्याचे पैसे मिळाले नाहीत.

आता राहण्याचा प्रश्न उरला. नॉर्थ एंड हार्वर्डपासून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर, पण रात्री गप्पा रंगात आल्या की उठून नदीपलीकडे जायचं, आणि सकाळी हार्वर्डच्या न्याहारीला बसायचं, याची त्याला लाज वाटू लागली. इटालियन वस्तीसाठी निघणाऱ्या एका इंग्रजी साप्ताहिकाच्या संपादकानं या खानावळवाल्या कुटुंबाचं नाव सुचवलं. व्हाइट तिथे दीड वर्षं राहिला. इटालियन शिकला. वस्तीतल्या तरुणांशी बोलायला इंग्रजी पुरेशी होती, पण त्यांच्या आईबापांशी मोडकं इटालियन बोलणारा हा गोरा पोरगा मनापासून राहायला आलाय, हे त्या मोडक्या भाषेनंच पटवलं. पुस्तक लिहितोय म्हणून कुणी त्याला मान्यता दिली नाही. तो चांगला वाटला म्हणून दिली. आणि लोकांना तसं वाटलं म्हणून पुढचं सगळं जमलं.

१९३८ साली त्याचं कॅथलीन किंगशी लग्न झालं. दोघांनी वस्तीतच बिऱ्हाड केलं.

दोन मेजं

मग हार्वर्डच्या त्या सोमवारच्या मेजाचं काय? ते वाया गेलं का? मुळीच नाही, आणि इथे प्रकरण जरा गुंतागुंतीचं होतं.

व्हाइटला क्षेत्रकाम शिकवलं ते कुठल्या प्राध्यापकानं नव्हे, बरोबरीच्या एका फेलोनं. कॉनरॅड अॅरेन्सबर्ग हा मानववंशशास्त्रज्ञ तेव्हा नुकता आयर्लंडच्या काउंटी क्लेअरमधल्या खेड्यांतून अभ्यास करून आला होता. व्हाइट त्याला नोंदी वाचायला द्यायचा, आणि तो सांगायचा, की कोण आधी बोललं, कुणाच्या सांगण्यावरून सगळे उठले, कुणी सुचवलेलं वाया गेलं, ते टिपत जा. माणसांची मतं राहू देत, त्यांची ये-जा टिप. आज हे साधं वाटतं. पण अर्थशास्त्राच्या पदवीधराला ही नजर मिळाली ती केवळ मानववंशशास्त्रज्ञ त्याच्या जेवणाच्या टेबलावर होता म्हणून. दुसरा एक फेलो, जॉर्ज होमन्स, यानं पुढे १९५० साली लहान गटांवरच्या आपल्या सिद्धांतात व्हाइटच्या नाक्यावरच्या पोरांचं उदाहरण घेतलं. म्हणजे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालू होती.

तरी माल दुसऱ्या मेजावरचा होता. डॉकची टोळी दर शनिवारी रात्री बोलिंग (चेंडू घरंगळत सोडून खुंट्या पाडायचा खेळ) खेळायला जायची. व्हाइटही जायचा, मजा म्हणून. शनिवारची रात्र ही त्याच्या लेखी सुट्टी होती. बऱ्याच महिन्यांनी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. टोळीत ज्याचं स्थान जसं, तसेच त्याचे गुण पडत होते. खालच्या पायरीवरचा एक पोरगा आठवड्यात इतर दिवशी झकास खेळायचा, पण सगळ्यांसमोर शर्यत लागली की गळपटायचा. कारण तो पुढे जाऊ लागला की बाकीचे त्याला टोमण्यांनी बेजार करायचे, आणि म्होरक्याचा नेम चुकला तर तो नशिबाचा दोष ठरायचा. १९३८च्या मोसमाअखेर बक्षिसाची शर्यत झाली, तेव्हा क्रम जवळजवळ टोळीतल्या मानाच्या उतरंडीसारखाच लागला. पहिला आला व्हाइट. पाहुण्यानं जिंकलं तर कुणाचीच पायरी हलत नाही.

या निरीक्षणावर अर्धं पुस्तक उभं आहे. त्या काळची समजूत अशी होती, की गरीब वस्ती म्हणजे विस्कटलेला समाज. नियम नाही, नाती नाहीत, म्हणून गुन्हे आणि दारिद्र्य. व्हाइट म्हणाला, तुम्ही बघितलंच नाही. इथे व्यवस्था आहे, आणि चांगली घट्ट आहे. देणीघेणी आहेत, मानपान आहेत, कोण कुणासाठी किती खर्च करतो याचा हिशेब आहे. गडबड आहे ती या व्यवस्थेची बाहेरच्या शहराशी सांधेजोड नसण्यात. गिरणगावात वाढलेल्या कुणालाही हे सांगायला पुस्तक लागत नाही. पण ज्यांच्या हातात नकाशे आणि बुलडोझर असतात ते गिरणगावात वाढलेले नसतात. बोस्टनमध्येच नॉर्थ एंडशेजारचा वेस्ट एंड १९५८ ते १९६० या काळात ‘गलिच्छ वस्ती’ म्हणून सपाट करण्यात आला आणि हजारो कुटुंबं उठवली गेली. व्हाइटचं पुस्तक तोवर पंधरा वर्षांचं झालं होतं. धोरणावर संशोधनाचा ‘प्रभाव’ दाखवा, असं अर्जात विचारतात, तेव्हा मला हे पंधरा वर्षांचं अंतर त्या रकान्यात भरावंसं वाटतं.

मोर्चा आणि चार मतं

व्हाइट नुसता बसून राहिला नाही, आणि जे केलं ते सगळंच शोभणारं नव्हतं. १९३७च्या निवडणुकीत तो एका स्थानिक उमेदवाराच्या प्रचारात होता. त्या दिवशी त्यानं चार वेळा मतदान केलं. पहिलं स्वतःचं, बाकीची दुसऱ्यांच्या नावावर. पकडला जाता जाता वाचला. वस्तीत हे चालतं म्हणून केलं, आणि नंतर ध्यानात आलं की डॉकसारख्यांच्या नजरेत आपण याची गरज नसताना स्वतःचं वजन कमी करून घेतलं. हा गुन्हा होता. संशोधन म्हणून त्याचं समर्थन होत नाही आणि त्यानंही केलेलं नाही.

दुसरी गोष्ट मोर्चाची. वस्तीतल्या सार्वजनिक स्नानगृहात गरम पाणी येत नव्हतं. लोक कुरकुरत होते, नगरसेवक आश्वासनं देत होते. व्हाइटनं पुढाकार घेऊन नाक्यावरच्या पोरांना जमवलं आणि सिटी हॉलवर मोर्चा नेला. महापौर भेटले नाहीत, त्यांच्या जागी असलेल्या अधिकाऱ्यानं ऐकून घेतलं, वर्तमानपत्रांत बातमी आली आणि स्नानगृहात गरम पाणी आलं. निरीक्षकानं अशी ढवळाढवळ करू नये हे त्याला ठाऊक होतं. तरी केली. वाचताना माझ्या मनात सारखी हार्वर्डची व्यायामशाळा येते. ज्याच्याकडे नदीपलीकडे गरम पाण्याची सोय होती, त्यानंच इथल्या नळासाठी मोर्चा काढला. यात अपराधभाव किती आणि माया किती, हे ठरवणं मला जमलेलं नाही.

न मिळालेली पदवी

तीन वर्षं संपली तेव्हा काम अर्धवट होतं. सोसायटीनं आणखी एक वर्ष दिलं. पहिल्या अठरा महिन्यांत आपला नेमका विषय काय आहे हेच व्हाइटला ठाऊक नव्हतं. वस्तीतल्या प्रत्येकाचा अभ्यास न करता दोन-तीन टोळ्या आणि त्यांचे म्होरके खोलवर पाहिले तरी पुरेसं आहे, हे कळायलाही तेवढाच वेळ गेला.

पीएचडीबंदीची अट त्याला सुरुवातीला खुपली असावी. पण पुढे त्यानं तिचे आभारच मानले आहेत. अट नसती तर फुकट वेळ मिळतोय म्हणून मी अभ्यासक्रम उरकत बसलो असतो आणि नॉर्थ एंड राहून गेलं असतं, असं त्याचं म्हणणं. याच सोसायटीत १९४८ ते १९५१ मध्ये थॉमस कून हा भौतिकशास्त्रज्ञ आला आणि विज्ञानाच्या इतिहासाकडे वळला. १९५१ ते १९५५ मध्ये नोम चॉम्स्कीनं तिथेच आपल्या भाषाशास्त्राची मांडणी केली. दोघांचंही काम त्यांच्या मूळ खात्यांना सुरुवातीला आपलं वाटण्यासारखं नव्हतं.

पण आभार मानायला सुस्थितीत असावं लागतं. १९४० साली फेलोशिप संपली तेव्हा व्हाइटच्या हातात हस्तलिखित होतं, पदवी नव्हती, आणि पदवीशिवाय नोकरी मिळण्याचे दिवस लॉवेल यांना वाटत होतं तसे आलेच नव्हते. त्याला शिकागोला जाऊन रीतसर विद्यार्थी व्हावं लागलं. १९४३ साली हाच मजकूर प्रबंध म्हणून पुढे ठेवला, तेव्हा परीक्षकांपैकी लुई वर्थ यांनी धारेवर धरलं, की गरीब वस्तीची व्याख्या काय? विस्कटलेपण हा शब्द न वापरता ती करून दाखव. व्हाइट अडून राहिला. मधला मार्ग निघाला आणि तो सुटला. त्याच वर्षी त्याला पोलिओ झाला, आणि नाक्यानाक्यावर पायी भटकून कमावलेला हा माणूस पुढे आयुष्यभर काठ्यांच्या आधारानं चालला. कॉर्नेल विद्यापीठात त्याची कारकीर्द फुलली, अमेरिकन समाजशास्त्र परिषदेचा तो अध्यक्षही झाला. मात्र तोवर फेलोशिपनं दिलेल्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्या विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी होऊन चुकती करावी लागली होती. लॉवेल यांनी पदवीला बगल दिली. बाजारानं दिली नाही. आजच्या निवासी फेलोशिपांचंही तेच दुखणं आहे. आत असताना काळजी नाही, पण दाराबाहेर नोकऱ्याच नाहीत, आणि म्हणून मुलं एका फेलोशिपवरून दुसरीवर, एका शहरातून दुसऱ्या शहरात बिऱ्हाड हलवत राहतात.

मेजावर कोण नव्हतं

ज्यांनी हे मेज मांडलं त्या लॉवेल यांनी १९२२ साली काळ्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाच्या वसतिगृहांत राहू द्यायला नकार दिला होता, आणि तोही तिथे राहणं इतरांना सक्तीचं असताना. पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या वरच्या मंडळांनी तो निर्णय फिरवला. ज्यू विद्यार्थ्यांची संख्या बांधून टाकायचाही त्यांचा प्रयत्न त्याच सुमाराचा. एकत्र राहण्याजेवण्यातून माणूस घडतो, यावर त्यांचा खरा विश्वास होता. कुणाबरोबर, हे ते ठरवणार होते. पंक्तीचा इतिहास असलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये.

स्त्रियांना तर सोसायटीत १९७२ पर्यंत जागा नव्हती. त्या वर्षी तत्त्वज्ञ मार्था नुसबाम पहिली स्त्री ज्यूनियर फेलो झाली. कॅथलीन व्हाइट नवऱ्याबरोबर त्या वस्तीत राहिली, संसार केला, शेजार सांभाळला. तिनं स्वतः अर्ज करायचा म्हटलं असतं तर तिच्यासाठी अर्जच नव्हता. आणि व्हाइटच्या पुस्तकातही बायका जवळजवळ नाहीत. नाक्यावर बायका उभ्या राहत नाहीत, म्हणून पुस्तकात आल्या नाहीत. नाक्यावरच का उभं राहायचं, हा प्रश्न हार्वर्डच्या त्या मेजावर विचारायला कुणी बाई बसलेली नव्हती.

आपल्याकडे या घराण्याचं सगळ्यात ओळखीचं घर सिमल्याला आहे. व्हाइसरॉयच्या जुन्या निवासात १९६५ साली राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी उद्घाटन केलेली भारतीय उच्च अध्ययन संस्था. देवदारांत राहायचं, नृत्यदालनात मांडलेल्या ग्रंथालयात वाचायचं, आणि आपलं काम सहकाऱ्यांपुढे ठेवायचं. शांतता भरपूर. पण एखादी कोल्हापूरची किंवा नांदेडची प्राध्यापिका दोन वर्षांची रजा काढून, शाळकरी मूल आणि सासूबाई मागे ठेवून तिथे जाईल का, हा प्रश्न अर्जाच्या नमुन्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही. निवास ही सवलत असते तशीच ती चाळणीही असते. व्हाइटला ती चाळणी लागली नाही, कारण तो बावीस वर्षांचा होता, एकटा होता, आणि त्याच्या सोसायटीनं तू झोपतोस कुठे हे कधी विचारलं नाही.

परिशिष्ट

जिन्याची, चार मतांची, आंघोळीची हकिगत १९४३च्या पुस्तकात नाही. ती आहे १९५५च्या दुसऱ्या आवृत्तीला जोडलेल्या परिशिष्टात. कॉर्नेलमध्ये पक्की जागा मिळाल्यावर, बारा वर्षांनी, त्यानं हे लिहिलं. आज पुस्तकापेक्षा हे परिशिष्टच अधिक वाचलं जातं, निदान वर्गात तरी. १९९२ साली एका संशोधिकेनं नॉर्थ एंडमध्ये पुन्हा चौकशी करून व्हाइटच्या चित्रणावर आणि त्याच्या वागण्यावर टीका केली, व्हाइटनं उत्तर दिलं, वाद झडला. त्यात सगळ्यांत कोंडीत सापडलेला माणूस डॉक होता, आणि तो तोवर जिवंत नव्हता.

व्हाइट त्या भागात असतानाच डॉकनं एकदा बोलून दाखवलं होतं, की तू आल्यापासून माझा वेग मंदावलाय. पूर्वी मी अंगच्या सवयीनं वागायचो, आता काही करायच्या आधी विचार करतो की बिल व्हाइट याबद्दल काय विचारेल आणि मी काय सांगेन. हस्तलिखित त्यानं वाचलं होतं. हे छापलं की मला अवघड होईल, पण घडलं ते असंच, तेव्हा जाऊ दे पुढे, असं त्याचं मत पडलं.

पुस्तक आल्यावर नाक्यावरची पोरं त्याला विचारायची, ते बिलचं पुस्तक कसं आहे, वाचावं का? डॉक त्यांना परतवून लावायचा. त्यात तुमच्या कामाचं काही नाही, नुसते मोठमोठे शब्द आहेत, ते प्रोफेसर लोकांसाठी आहे, असं सांगायचा.